गच्चीतला वाफा आणि पिशवीतली बटणं

सिस्टर,

गेल्या रविवारी सकाळी ठीक दहा वाजता आमच्या ऐरोलीच्या सोसायटीत माझ्यावर अन्याय झाला, आणि त्याला थोड्याफार तुम्हीही जबाबदार आहात. वेळेआधी हजर राहायची सवय तुम्हीच लावलीत. समोर नवा टॉवर उठल्यापासून माझ्या बाल्कनीत ऊन येत नाही. गुलाब आणि लिंबू मरायला टेकलेत. गच्चीत उन्हातला एकच वाफा रिकामा होता आणि तो मला हवाच होता. मी रांगेत सगळ्यांत आधी पोचले. बाकीचे आमच्याकडच्या रीतीप्रमाणे पुढच्याला ‘तुमच्यानंतर मी’ एवढं सांगून भाजी आणायला पांगले. प्रत्येकाला आपल्यामागे कोण एवढंच ठाऊक. एकूण किती, ते कुणालाच नाही.

सेक्रेटरीने नाणं काढलं. वाफा आधी माझा. “तुमच्यामागे कोण?” विचारून त्याला फोन करायचा, नाणं उडवायचं, छापा पडला तर वाफा त्याचा, काटा पडला तर आधीच्याकडेच. मग त्याच्यामागे कोण, पुन्हा नाणं. सर्वांत शेवटी नाइट पँटमध्ये, तोंडात टूथब्रश धरून एक महाशय आले. छापा.

“शेवटच्याला अर्धी संधी, आणि मला उरलंसुरलं?” मी विचारलं.

“काकू, नाणं सगळ्यांना सेमच ना? फिफ्टी-फिफ्टी. टेन्शन नका घेऊ.”

“मी तुमची काकू नाही. पहिल्याला प्रत्येक नाण्यातून वाचावं लागतं, शेवटच्याला एकच जिंकायचं असतं.”

मला आपल्या कॉन्व्हेंट शाळेचा कॉरिडॉर आठवला. प्रार्थनेची घंटा कुणी वाजवायची ते ठरतंय. रांग वळणापलीकडे गेलेली, टोक दिसत नाही. तुमच्या पिशवीत एक काळं बटण. पहिली मुलगी निवडलेली. पुढच्या प्रत्येक मुलीपाशी तुम्ही एक पांढरं बटण वाढवता, न बघता एक काढायला लावता. काळं आलं तर मान तिचा, नाहीतर आधीच्या मुलीचाच. बटण परत पिशवीत. दुसरीला दोनांत एक संधी, दहावीला दहांत एक. रांग कुठेही संपो, शेवटी सगळ्यांचा वाटा सारखा. मी कुरकुरले, “पण सिस्टर, मी पहिली आले होते.” तुम्ही म्हणालात, “चांगलं केलंस. त्याचं बक्षीस नाही, आणि शिक्षाही नाही.”

हे सगळं सेक्रेटरीला सांगितलं. तो म्हणतो, “कुणा जाणकाराकडून लेखी आणा मॅडम, मग बघू. येत्या रविवारी ते शेवटचे साहेब वाफ्यात माती भरतायत.”

माझ्या ओळखीतल्या एकमेव जाणकार तुम्ही, आणि तुम्हाला जाऊन कित्येक वर्षं झाली. हे पत्र टाकू तरी कुठल्या पेटीत? खरं सांगायचं तर, मी रांगेत शेवटची असते तर नाण्याबद्दल चकार शब्द काढला नसता. तरीही तुमचं लेखी उत्तर मला शनिवारी संध्याकाळी पाचच्या आत हवं आहे.