मागचे चाक आणि कोटाच्या अस्तरातला बोल्ट

मी, नोरीन ॲग्नेस डिलेनी, वय एकोणऐंशी, अविवाहित, निवृत्त शिक्षिका, राहणार ब्रोकन हिल, न्यू साउथ वेल्स, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. शंका असेल त्याने माझ्याशी पाच मिनिटे वाद घालून पाहावा. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. तसे धाडस आजवर कोणाला झालेले नाही. यापूर्वीचे माझे मृत्युपत्र मी रद्द करते. माझ्या वकीलबाई मिसेस पोपोविच यांनी टाइप केलेला मसुदा दिला होता. तो मी परत केला, कारण त्यात माझ्या सायकलीचा उल्लेख 'इतर किरकोळ वस्तू' असा होता.

एक. माझे पत्र्याचे घर माझी भाची मॉयरा हिला द्यावे. ती ॲडलेडला राहते आणि हे घर विकणार आहे, हे मला ठाऊक आहे. खुशाल विकावे. फक्त गिऱ्हाइकांसमोर 'मावशीच्या घराला कसला तरी वास येतो' म्हणून खिडक्या उघडत बसू नये. तो वास सायकलच्या तेलाचा आहे आणि चांगला आहे.

दोन. बँकेत जे निघेल ते आमच्या रेडिओवरच्या शाळेला द्यावे. तिथे मी एकतीस वर्षे शिकवले. मुले मेंढ्यांच्या दूरदूरच्या वस्त्यांवर, शंभर-दोनशे किलोमीटरवर, आणि मी इथे माइकपुढे. कोण पेन्सिल चावतो आहे हे मला नुसत्या आवाजावरून कळायचे. पण त्यांतली निम्मी घरे मी कधी डोळ्यांनी पाहिली नव्हती. म्हणून अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाले तेव्हा ठरवले, सायकलवरून एकेका मुलाच्या घरी जायचे. पुढच्या सगळ्या गोष्टी या एका हट्टातून निघाल्या.

तीन. आमच्या सायकल क्लबचे अध्यक्ष डेस पोर्टर यांना मी काचेच्या बरणीत ठेवलेला माझा जुना, चाकाच्या बाहेर लटकणारा गिअर देते. इथे पाऊस पडला की रस्त्याची लाल माती कणकेसारखी चिकटते. ती त्या गिअरमध्ये भरली आणि पहिल्याच फेरीत, घरापासून तीस किलोमीटरवर, तो मुळापासून उपटला गेला. मी सायकल ढकलत परत आले. डेस म्हणाले, "नोरीन, या वयात कॅरॅव्हॅन घे. गुडघे देवाने एकदाच दिलेत." माती अजून बरणीत आहे. त्यांनी ती दिवाणखान्यात ठेवावी.

चार. माझी सायकल.

हे कलम लांबणार आहे. मिसेस पोपोविच यांनी घाई करू नये.

तो गिअर तुटल्यावर मी जर्मनीहून एक हब मागवला. हब म्हणजे चाकाच्या मधोमध असतो तो भाग. याच्या पोटात चौदा गिअर आहेत, सगळे तेलात बुडालेले, सगळे बंद. बाहेर फक्त एक दातेरी चक्र आणि एक सरळ चेन. मातीने आत शिरायचे तरी कुठून? ज्याच्या डोक्यातून हे निघाले त्याच्यासाठी मी प्रार्थना केली आहे, आणि मी ती सहसा कोणासाठी करत नाही.

पण हब माझ्या चाकात कोणी बसवायचा? शहरातल्या दुकानाने फोनवर सांगितले, "मॅडम, तुमच्या फ्रेमचे मागचे पाय जवळ आहेत. पाच मिलिमीटर कमी पडतात. फ्रेम फेका, नवी घ्या." ती फ्रेम पोलादी होती आणि तिने मला कधी उलट उत्तर दिले नव्हते. मी फोन ठेवला.

मग क्लॅरी नीश्के आले. वस्त्यांवरच्या, जमिनीतून पाणी उपसणाऱ्या पवनचक्क्या दुरुस्त करणे हा त्यांचा धंदा. त्यांची तिन्ही मुले माझ्या रेडिओवर शिकली, त्यामुळे माझ्याएवढ्याच वयाचे असून ते मला 'बाई' म्हणतात. ते शाळेच्या टाकीची पवनचक्की बघायला आले होते. तिथून ते माझ्या घरी डोकावले. टेबलावरचा हब त्यांनी उचलला, कानाशी धरून फिरवला आणि हसले.

"बाई, याच्यात तेल किती दिवसांनी बदलायचं?"

"वर्षातून एकदा, असं लिहिलंय."

"आणि मधे उघडायचं नाही?"

"नाही."

"मग ही आपल्या पवनचक्कीची धाकटी बहीण की! तीही वर उंचावर तेलात बसलेली असते. वर्षातून एकदा चढायचं, तेल बदलायचं, खाली यायचं. लोक उगाच उघडतात म्हणून बिघडते."

"तुम्ही कधी सायकलचं चाक बसवलंय?"

"मला चालवतासुद्धा येत नाही," क्लॅरी म्हणाले. "पण उंटावर बसल्याशिवाय खोगीर शिवणारे आमच्याकडे पुष्कळ होते."

पुढचे तीन आठवडे मी जे काम पाहिले, तसे सफाईचे काम मी आयुष्यात पाहिले नाही. फ्रेमचे पाय त्यांनी ठोकले नाहीत. आटे पाडलेला गज आणि दोन नट मधे घालून दोन दिवस रोज थोडे थोडे उघडले. मग पुढच्या नळीवरून दोरा फिरवून दोन्ही पायांपर्यंत ताणला आणि अंतर मोजले, एकदा नाही, चारदा. चाकाच्या जुन्या तारा चालेनात, कारण हा हब फुगीर. त्यांनी बत्तीस तारा नव्या मापाने कापून, आटे पाडून आणल्या. नेहमीच्या चाकात प्रत्येक तार तीन तारांना ओलांडते. इथे दोनच. "आखूड तारेला जास्त गळामिठ्या मारायला लावल्या तर ती वाकडी बसते," ते म्हणाले.

ताण बघायला त्यांच्याकडे मीटर नव्हता. माझ्याकडे कान होता. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर बेनेडिक्टा यांनी सात वर्षे मला गायनवृंदात उभे केले ते आवाजासाठी नव्हे. शेजारची बेसूर झाली की मी तिला चिमटा काढत असे, म्हणून. या हबला गिअरची चळत एका बाजूला नसते, त्यामुळे दोन्ही बाजूंच्या तारांचा ताण सारखा लागतो. म्हणजे सूरही एकच. मी तार छेडायची, क्लॅरी किल्ली फिरवायचे.

"चढवा. अजून. थांबा! जास्त झाला."

"बाई, तुम्ही माझ्या पोरांना पण असंच रडवायचात."

"तुमचा मधला भागाकार शिकला की नाही?"

"शिकला, शिकला. अजून घाबरतो रेडिओला."

संध्याकाळपर्यंत बत्तीसच्या बत्तीस तारा एका सुरात बोलायला लागल्या. आम्ही दोघे नुसते चाक फिरवत बसलो.

शेवटी उरला एक हात. हबमधले गिअर चाकाला पुढे ढकलतात तेव्हा मधला आस उलटा फिरू पाहतो. त्याला धरून ठेवायला एक लोखंडी हात लागतो. तो एका टोकाला आसाला आणि दुसऱ्या टोकाला फ्रेमला, एका बोल्टने. क्लॅरी यांनी तो वादळात पडलेल्या पवनचक्कीच्या शेपटीच्या पत्र्यातून कापला. मला म्हणाले, "पंक्चर काढायला चाक उतरवलंत तर हा बोल्ट निघेल. परत लावताना हा पहिला. बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हा नाही." मग मागच्या मडगार्डच्या आतून पांढऱ्या रंगाने त्यांनी तारीख लिहिली, कारण पवनचक्कीच्या झाकणाच्या आतून तशीच लिहायची पद्धत आहे: तेल, जुलै २००४. पैसे विचारले तर म्हणाले, मधल्याचा भागाकार.

त्या चाकावर मी नऊ वर्षांत छत्तीस घरे पाहिली. चिखलात, वाळूत, उभ्या चढावर. थांबल्या जागी गिअर बदलायचा आणि निघायचे. एकदाही त्याने मला उतरवले नाही.

पाच. आता जे लिहायचे त्यासाठी हे सगळे मृत्युपत्र आहे.

२०१३ च्या ऑगस्टमध्ये व्हाइट क्लिफ्सच्या रस्त्यावर मी चढावर जोर लावला आणि मागचा आस गर्रकन फिरला. गिअरच्या केबली तुटल्या, मी पडले, माझे गळ्याचे हाड मोडले. रस्ता सारखा करणाऱ्या यंत्राचा चालक येईपर्यंत चार तास मी माश्यांना शिव्या देत पडून होते. त्यानंतरच्या क्लबच्या जेवणाला, हात झोळीत घेऊन, सगळ्यांसमोर मी म्हणाले, "पवनचक्कीवाल्याने सायकलला हात लावला की असंच व्हायचं. चूक माझीच, मी त्याला लावू दिला."

डेस यांनी लगेच टाळी दिली. क्लॅरी तिथेच होते. त्यांच्या ताटलीत किसलेले गाजर आणि चीज होते, आमच्या गावात प्रत्येक जेवणाला असते ते. त्यांनी ताटली टेबलावर ठेवली, टोपी घेतली आणि गेले. नंतर डेस यांनी कुठूनसा नवा लोखंडी हात आणून सायकलला बसवला आणि क्लबच्या भिंतीवर माझ्या सायकलचा फोटो लावला. खाली पाटीवर लिहिले, 'हब बसवणारे: डी. पोर्टर'. ती पाटी मी बारा वर्षे वाचते आहे आणि गप्प आहे.

२०१५ पासून तर मुद्दाम गप्प आहे, कारण त्या वर्षी माझ्या पावसाळी कोटाचे अस्तर उसवले आणि त्यातून तो बोल्ट पडला. अपघाताच्या आदल्या दिवशी मी पंक्चर काढले होते. बोल्ट जपून खिशात ठेवला होता. खिशाला भोक होते. परत लावताना मी तो विसरले, आणि हात नुसताच अडकवला.

क्लॅरी यांच्या कामात काडीचा दोष नव्हता. दोष माझा होता. मला दहा वर्षे माहीत होते आणि मी सांगितले नाही, कारण मला माफी मागता येत नाही. इतरांना ती मागायला लावणे मला उत्तम जमते.

म्हणून: हे कलम क्लबच्या जेवणाला मोठ्याने वाचावे. भिंतीवरची पाटी उतरवून तिथे 'क्लॅरेन्स नीश्के' असे लिहावे. तो बोल्ट सायकलला परत लावला आहे. डेस यांचा हात काढून शेपटीच्या पत्र्याचा हातही मी शोधून लावला आहे. सायकल ~~क्लॅरेन्स नीश्के यांना~~ त्यांची नात तेगन नीश्के हिला द्यावी. हब काढून विकू नये, उघडू नये, तेल दर जुलैला बदलावे आणि मडगार्डच्या आत तारीख लिहावी.

वरची खाडाखोड का झाली ते लिहिणे भाग आहे. मिसेस पोपोविच म्हणाल्या, हे वाचायला मरायची वाट कशाला बघता? या वाक्याबद्दल मी त्यांच्यावर दोन दिवस चिडले होते. मग काल तेगनला निरोप दिला. ती आता पवनचक्क्यांऐवजी वस्त्यांवर सोलर पंप बसवते. आज सकाळी ती आजोबांना गाडीतून घेऊन आली. मिसेस पोपोविच आधीच येऊन बसल्या होत्या.

क्लॅरी यांनी चष्मा लावून पाचवे कलम वाचले. फार वेळ लावला.

"बाई," ते म्हणाले, "मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"तेव्हाच पाहिलं होतं मी. इस्पितळाबाहेर सायकल उभी होती. भोक रिकामं, पण आटे शाबूत. बोल्ट तुटला असता तर आटे खरवडले असते. तो लावलाच नव्हता."

"मग बोलला का नाहीत? त्या जेवणाला, सगळ्यांसमोर?"

"तुमचा हात झोळीत होता."

तेगन मधेच म्हणाली, "आजोबा, बारा वर्षं? वेडे आहात तुम्ही दोघं."

मी म्हणाले, "क्लॅरी, माझं चुकलं." हे शब्द तोंडातून निघाले. मिसेस पोपोविच साक्ष देतील.

क्लॅरी यांनी नाक पुसले आणि विचारले, "याच्यावर साक्षीदार लागतात ना?"

"दोन," मिसेस पोपोविच म्हणाल्या. "पण तुम्हाला सायकल मिळतेय. ज्याला मिळतं त्याने सही केली तर त्याचं मिळणं रद्द होतं."

"मग मला सायकल नको. चालवता कुठे येते? तेगनला द्या. बाई काय म्हणाल्या ते मी ऐकलं, एवढं मला सही करून सांगायचंय."

मग ते व्हरांड्यात गेले. सायकल उलटी केली, चाक फिरवले, एक तार छेडली आणि माझ्याकडे बघितले. मी मान हलवली. सूर बरोबर होता. त्यांनी बोल्टला किल्लीने पाव फेरा दिला. म्हणाले, "हं. आता बसला." आणि हात न धुता सही करायला आले. या पानाच्या कडेला जो तेलाचा डाग आहे तो साक्षीदाराचा आहे. तो पुसू नये आणि त्यासाठी नवी प्रत करू नये.

वर लिहिलेले सर्व मी माझ्या मर्जीने लिहिले असून खालील दोघांच्या समोर, दोघांच्या देखत सही केली आहे.

नोरीन ॲग्नेस डिलेनी
ब्रोकन हिल, १४ मार्च २०२५

साक्षीदार पहिला: क्लॅरेन्स ओटो नीश्के. धंदा: पवनचक्क्या ('एवढंच लिहा, बाई' असे ते म्हणाले) आणि सायकली.

साक्षीदार दुसरी: मिसेस वेस्ना पोपोविच, वकील. खाडाखोड मान्य.