तपकिरीएवढा थांबा

३ ऑक्टोबर, शुक्रवार

बंद! सकाळपासून अकरा वेळा चालू केला. अकराही वेळा आतून टक्-टक्, मग काळा पडदा. आमच्या दिग्विजयनं पुण्याहून मोठ्या दिमाखात पाठवलेला हा लॅपटॉप! परवाच खंडेनवमीला पूजा केली त्याची, आणि आज मान टाकली. आमची दगडी पाटी तीन भावंडांना पुरली होती.

चिरंजीव फोनवर म्हणतात, "बाबा, हार्ड डिस्क गेली असेल. नवीन टाकून घ्या." टाकून घ्या — जणू चपलेचा अंगठा!

आणि आतल्या त्रेचाळीस कविता? बेंबळीतल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या दारात बसून शाळेतल्या कवितांची एकेक चाल त्यांच्या आवाजात भरून घेतली मी. बाकीच्यांचं सोडा — लक्ष्मम्माच्या आवाजातली टिटवीची कविता! तिसरीत माझ्या पुढच्या तरटावर बसायची. गुरुजींनी लावलेली चाल तिच्या गळ्यात जशीच्या तशी. तिसऱ्या ओळीनंतर गुरुजी तपकीर ओढायला थांबायचे. तो थांबाही चालीतलाच, असं समजून अख्खा वर्ग थांबायचा. पासष्ट वर्षांनी लक्ष्मम्मा तिथं तेवढीच थांबली! श्रावणात गेली बिचारी. मला शब्द पाठ, पण गळा नाही. गुरुजी मला नुसते ओठ हलवायला सांगायचे.

कस्तुराबाई म्हणते, "अवो, बरंच झालं की! रोज सकाळी तीच टिटवी. कान किटले माझे." पन्नास वर्षांचा संसार — पण हिच्या कानाला कविता आणि पिठाची गिरणी सारखीच.

४ ऑक्टोबर

आणखी चार वेळा. टक्-टक्.

६ ऑक्टोबर, सोमवार

एसटीनं धाराशिव. स्टँडमागचं दुकान. दुरुस्तीला कोण — तर शिवप्रिया नावाची बाई! दातांत स्क्रू धरून बोलते. बसा म्हणायचं सोडून लॅपटॉप ओढून घेतला आणि ऊस सोलावा तसा सोलला. मग चिमट्यात काहीतरी धरून माझ्या नाकासमोर आणलं.

"काका, तांदूळ?"

"उंदरानं नेले असतील."

"तुमच्याकडं उंदीर हळद लावून तांदूळ खात्यात व्हय?"

आता खंडेनवमीला शेतकरी विळा पुजतो, सुतार करवत पुजतो. मी काय पुजू? अक्षता वाहिल्या, तुळशीपत्रानं पाणी शिंपडलं. गडू जरा कलंडला. जरासाच!

"पूजा केली का अभ्यंगस्नान घातलं?" — बाकावरची गिऱ्हाइकं फिदीफिदी हसली. वर मलाच शिकवते! "टकटक आली की बंद ठेवायचं, काका. दरवेळी चालू केलं की आतल्या चकतीला ओरखडा. किती वेळा केलं?"

"एकदा."

नवी डिस्क दाखवली. बिस्किटाएवढी. हिच्यात म्हणे काही फिरतच नाही, आवाजही नाही. वा! मुकी वस्तू, आणि तिच्यात मी गाणी ठेवायची. जुन्या डिस्कमधलं निघतंय का बघते म्हणाली. बघेल! जिला पाहुण्याला पाणी विचारायचं सुचत नाही, ती काय बघणार.

११ ऑक्टोबर

फोन नाही. बाईसाहेबांना काय घाई!

१४ ऑक्टोबर, मंगळवार

लॅपटॉप आणला. पापणी लवायच्या आत उघडतो. घाई झालेल्या माणसांसाठी उत्तम.

एकोणचाळीस कविता वाचल्या. चार गेल्या. टिटवी गेली.

शिवप्रियानं जुनी डिस्क वर्तमानपत्रात गुंडाळून हातात दिली. "चार दिवस लावून ठेवली होती, काका. लई धडपडले. त्या चारांपाशी नुसते ओरखडेच हायत." हसली नाही. पाण्याचा तांब्याही पुढं केला. सोमवारसारखी खिल्ली उडवली असती तर बरं झालं असतं.

पंधरा वेळा चालू केला होता. तिला सांगितलं नाही. इथं लिहितो — पंधरा वेळा.

कस्तुराबाईला म्हणालो, "घे, सुटलीस! आता टिटवी कधीच नाही." वाटलं, टोमणा मारेल. ती परातीतली ज्वारी निवडत राहिली.

१५ ऑक्टोबर

एकोणचाळीसपैकी एकही लावली नाही.

१७ ऑक्टोबर, वसुबारस

कस्तुराबाई करंज्या लाटत होती. माझ्याकडं पाठ. तोंडानं टिटवी — तीच चाल, तीच उतरण! तिसऱ्या ओळीनंतर लाटणं थांबलं. तपकिरीएवढं. मग पुढं.

मी उंबऱ्यातच उभा राहिलो. नुसते ओठ हलवले.