अण्णांचा युरोप आणि गावोगावचं पाणी

अण्णा, आज नववीच्या वर्गात तुम्ही शिकवायचात तोच धडा घेतला. पुस्तकात तो दोन-चार ओळींत उरकलाय: महायुद्धात ज्यूंचा छळ झाला, लाखो मारले गेले. तुम्ही तिथे कधीच थांबला नाहीत. मुलूख जिंकणारी जर्मन फौज एकच, मग एका देशातले ज्यू बहुतेक वाचले आणि दुसऱ्यातले बहुतेक मारले गेले, ते काहून, असं विचारून तुम्ही फळ्याला पाठ लावून उभे राहायचात. आपल्या खेड्यातल्या, गोरेगावच्या त्या वर्गात पंखा नव्हता आणि तुमच्या सदऱ्याला मेंढरांचा वास यायचा. मास्तर झालात तरी सकाळी मेंढरांच्या वाडग्यात फेरी मारल्याशिवाय तुम्हाला चहा गोड लागत नसे. पोरं हसायची. मला मात्र तो वास आला की घरच वर्गात येऊन बसल्यासारखं वाटायचं.

खरा इतिहास तुम्ही चुलीपुढे शिकवलात. आई भाकरी थापतेय, तुम्ही ठेचा वाढून घेताय आणि आज्ज्याबरोबर मेंढरं चारायला गावोगाव करत सिद्धेश्वरकडे उतरायचात तेव्हाचं सांगताय. "मेंढरं तीच, आमी तेच. एका गावात शेतकरी हाक मारून शेतात मेंढरं बसवायचा, खताच्या बदल्यात ज्वारी द्यायचा. पुढल्या गावात पाणीसुद्धा न्हाई, कुत्री सोडायचे. बाप म्हणायचा, गावाला शिव्या नको देऊ. तिथं शब्द कोणाचा चालतो, लोकं कोणाला भ्यून राहिले, ते बघ." तिथून तुम्ही थेट डेन्मार्कला. तिथलं सरकार बरेच दिवस जाग्यावर राहिलं, चिंचोळ्या समुद्रापलीकडे स्वीडन मोकळा होता, आणि वेळ आली तेव्हा लोकांनी ज्यू माणसं होड्यांत बसवून पार केली. हॉलंडमध्ये कारभार जर्मनांच्या हाती, सरकारी नोंदी चोख, मुलूख सपाट, लपायला ना डोंगर ना दाट जंगल. फ्रान्सच्या सरकारनं बाहेरून आलेले ज्यू आधी धरून दिले. पोलंडमध्ये तर जर्मन आसरा देणाऱ्याचं सगळं घर मारायचे. "पाणी न देणं आन् जीव घेणं एक न्हाई बरं पोरी," तुम्ही बजावायचात, "पण दार कोण उघडतं ते बघायची सवय मला मेंढरांमागंच लागली." मग आई करवादायची, "जेवा आधी. तुमचे जर्मन थांबतेत, भाकर न्हाई थांबत."

एकदा मी वर्गात मोठ्या तोऱ्यात म्हणाले, "आमी असतो तर समद्यांना लपवलं असतं!" तुम्ही मला उभं केलंत. "इथं बसून म्हणायला काय तकलीफ हाय? पोलंडातल्या बाईच्या घरात बस, लेकरं कुशीला घे, आन् मग बोल." पोरं खिदळली. मी कितीतरी दिवस तुमच्याशी बोलले नाही. तुम्ही बाजारातून माझ्यासाठी गोडीशेव आणलीत, शब्द मात्र मागे घेतला नाहीत. आता राग उरलेला नाही. ती शेव आठवते, आणि तुमची फार आठवण येते.

मी आता शिकवते त्या गावाबाहेर माळावर सध्या भटक्यांची पालं पडलीत. तिथल्या दोघी बहिणी माझ्या वर्गात बसतात. परवा गावातली काही माणसं शाळेत आली. "म्याडम, पालावरल्या पोरी आमच्या लेकरांत काहून बसवल्या? उद्यापासून दिसल्या न्हाई पाह्यजेत." पोरी दारातच उभ्या होत्या. अण्णा, मला याच गावात राहायचंय, यांच्याच दुकानातून तेलमीठ आणायचंय. मी म्हणाले, "सरकारचा नियम हाय. मला काढता येत न्हाई." माणसं कुरकुरत गेली. आता गाव म्हणतं, मास्तरीण लई खंबीर. मीही ते ऐकून घेते.

आज तुमचा धडा संपला आणि त्या दोघींतली धाकटी उठून उभी राहिली. "म्याडम, उद्या नियम बदलला तर?" मी म्हणाले, "पुढचा धडा काढ." तिनं काढला.

तुम्ही गेल्यावर आता तुम्हाला पत्र पाठवायचं तरी कुठे? हे आईलाही वाचून दाखवणार नाही. तुमच्याजवळ म्हणून कबूल करते, त्यानंतर तास संपेपर्यंत मला तिच्याकडे बघता आलं नाही.