विहिरीचं कन्यादान

नागपूर, ता. १६ जानेवारी १९३६

ती. प्रयागताईस,
मारोतीचा सा. न. वि. वि.

तिळगूळ पोचला. पुष्पाने मला दोन वड्या देऊन डबा कुठेतरी लपवला आहे, तेव्हा गोड बोलण्याचा उपदेश तिलाच कर. आम्ही दोघे खुशाल आहोत. तुझ्या गुडघ्यांचे कसे काय?

गुडघ्यांवरूनच मुद्द्यावर येतो. सेक्रेटरिएटात माझ्या टेबलावर सध्या ग्रामसुधारणेचे अनुदान आले आहे. म्हणजे पैसा दिल्ली सरकारचा, वाटप आमच्या प्रांत सरकारचे, आणि तो नीट लागला की नाही हे पाहण्याची डोकेदुखी माझी. तुमच्या धामणटोल्याची नवी विहीर याच पैशातली. दिल्लीची अट अशी की विहिरीवर कोणा एकाची मालकी नको आणि पाण्याला आलेल्या कोणत्याही जातीच्या माणसाला अडवायचे नाही. गाव पाणी पिऊ लागले असे आम्ही मार्चअखेर कळवले, तर कठडा आणि रहाट यांसाठी दुसरा हप्ता मिळेल. नाही तर तो दिल्लीला परत.

आणि पाहणीला आलेल्या अधिकाऱ्यांचा अहवाल काय म्हणतो? विहिरीत पाणी भरपूर, पण कोणी दोर सोडल्याची खूण नाही. आणि गावाने त्यांना त्याच विहिरीच्या काठावर खाटेवर बसवून कन्हान नदीचे पाणी पाजले! साहेबांनी मला बोलावून विचारले की तुझी बहीण तिथेच राहते ना. ताई, गावची जुनी विहीर आटल्यापासून नदीच्या चढणीच्या नावाने बोटे मोडतेस. आता दाराशी पाणी आले, तर हा रुसवा काहून?

उत्तर लगेच पाठव. रागावलीस तरी चालेल, माया मात्र कमी करू नकोस.

तुझा,
मारोती

•

धामणटोला, मौद्याजवळ, ता. २३ जानेवारी

चि. मारोतीस,
अ. उ. आ.

मारोतरावसाहेब, टेबलखुर्ची मिळाली आणि आईने सांगितलेले सगळे विसरलात! अरे, विहिरीचे लग्न झालेले नाही. काठावरच्या पिंपळाशी तिचे लग्न लागायचे, कोणा जोडप्याने तिचे कन्यादान करायचे, मग गावाची घागर बुडायची. त्याआधी तिच्या पाण्याला कोण हात लावील? तुमच्या कागदात खोदाई आहे, चुना आहे, मजुरी आहे. लग्न कुठे आहे? मुलगी वाढवली आणि उजवायची विसरलात.

पण अडले ते खर्चापायी नाही. आमचे मालगुजार रुपरावजी कन्यादान मीच करणार म्हणून हट्ट धरून बसले आहेत. ते म्हणतात की पैसा दिल्लीचा असन, जागा तर माहीच होती ना. आमच्याकडे जो लग्न लावतो त्याच्याच नावाने विहीर ओळखतात. एकदा ती रुपरावजींची विहीर झाली, की नाल्यापलीकडच्या वस्तीला तिथे कोण उभे करील? जुन्या विहिरीवरही त्यांना कधी चढू दिले नाही. ही नवी विहीर त्याच वस्तीतल्या कवडूने आणि त्याची बायको मनकर्णा हिने खोदली, आणि मनकर्णा अजून नदीच्या वाळूत झिरा उकरून वाटीवाटीने घागर भरते.

खरे सांगते, ती माझ्या शेजारी दोर सोडील या विचाराने मीसुद्धा जरा थबकले होते. मग चढणीवर एकदा ती माझ्यापुढे थांबली आणि गुडघे चोळू लागली. त्यानंतर माझ्या मनात काही राहिले नाही.

तेव्हा पैसा ज्याचा, मुलगी त्याची. दिल्लीहून कोणीतरी सपत्नीक पाठव. येताना मुंडावळ्या आणायला सांग.

तुझ्या काळजीत असलेली,
ताई

•

नागपूर, ता. २ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझे पत्र मी साहेबांना समजावून सांगितले. ते आधी हसले, मग गंभीर झाले आणि म्हणाले की लग्नखर्चासाठी अनुदानात जागा नाही, आणि सरकार कोणत्याही विहिरीचा बाप होऊ शकत नाही. कचेरीत सगळे आता मला मुलीकडचे म्हणून हाक मारतात. दुपारच्या चहाला मानपानाची चर्चा चालते.

थट्टा बाजूला. रुपरावजी यजमान म्हणून बसले आणि विहीर त्यांची झाली, तर दिल्लीची अट मोडली. मला तसे लिहावे लागेल, आणि हप्ता गेला. कोणीच बसले नाही तर विहीर वापरात नाही, म्हणजे तरीही गेला. बिनकठड्याची विहीर पावसाळ्यात ढासळायला वेळ लागणार नाही. गावातले दुसरे एखादे जोडपे शोध.

रजा घेऊन मीच बसावे असे तुझ्या मनात येईल, म्हणून आधीच लिहितो. मला हरकत नाही. पण लग्नाला बारा वर्षे झाली आणि आम्हाला मूल नाही, हे तुझ्या गावात सर्वांना ठाऊक आहे. मागच्या चैत्रात इथल्या महाल पेठेत एका घरी हळदीकुंकवाला गेली असता पुष्पाला वगळून पुढच्या बाईची ओटी भरली गेली. तेव्हापासून ती कुठे जात नाही. मांडवात तिला कोणी ऊठ म्हटले तर मला ते सहन होणार नाही. तिला यातले काही सांगितलेले नाही.

पत्रोत्तराची वाट पाहणारा,
मारोती

•

धामणटोला, ता. ११ फेब्रुवारी

चि. सौ. पुष्पलता हिस,
अ. उ. आ.

हे पत्र मुद्दाम तुझ्या नावाने लिहिते आहे. तुझ्या नवऱ्याला दाखव, पण आधी तिळगुळाचा डबा त्याच्या हाती दे, म्हणजे तो मध्ये बोलणार नाही. विहिरीची हकीगत त्याने लपवली आहे, ती सगळी त्याच्याकडून वदवून घे. पुढची मी सांगते.

काल देवळात पंच जमले होते. मी बाईमाणूस, पण पदर खोचून उभी राहिले आणि रुपरावजींना विचारले की तुम्ही कन्यादान करणार म्हणजे मुलीचे बाप झालात, गाव तिचे सासर झाले. मग लेकीच्या सासरचे पाणी तुम्ही पिणार काहून? बाप तर पीत नाही. उद्यापासून तुमच्या घरचे पाणी नदीवरूनच यायचे ना? एवढ्यात त्यांच्या पत्नी रंभाबाई खांबाआडून म्हणाल्या की मी तं नाही बसत बा, मले पाणी पाहिजे! हसण्याने देऊळ दणाणले.

पण मग पंचाईत अशी झाली की गावातले एकही जोडपे बसायला तयार होईना. पाणी सगळ्यांनाच हवे. रुपरावजींचा चेहरा उतरला होता, म्हणून मी त्यांना नवऱ्या मुलाकडचे वडीलधारे केले. मानाचा फेटा मिळणार म्हटल्यावर ते खुलले. नाल्यापलीकडची वस्तीही वऱ्हाडात आहे हे त्याच वेळी सर्वांसमोर वदवून घेतले. थोडी कुरकुर झाली, होईल अजूनही.

आता ज्यांना हे पाणी प्यायचे नाही असे आईबाप हवेत. तुम्ही दोघे या. मूल नसल्याचे मारोतीने लिहिले, ते वाचून मला त्याचा राग आला आणि रडूही आले. पुष्पा, गुरुजी काय म्हणतील हे मी विचारलेच नाही. मुलीची आई कोण, हे आत्या ठरवणार. मांडवात तुझी ओटी पहिली मी भरीन. मी विधवा, म्हणून कोणाला ते खपले नाही, तर त्याने खुशाल नदीवर जावे.

येताना तुमच्यापुरते पाणी नागपूरहून आणा.

तुला पाहायला आतुर,
ताई

•

नागपूर, ता. १ मार्च

ती. वन्संस,
पुष्पलतेचा सा. न. वि. वि.

आम्ही सुखरूप पोचलो. मोटार वाटेत बंद पडली आणि सुरई केव्हाच रिकामी झाली होती. तुमचे भाऊ तहानेने व्याकूळ होऊन म्हणाले की कसल्या मुहूर्तावर मुलीचे बाप झालो! मी त्यांना संत्रे सोलून दिले. ते मुलीच्या माहेरचे, नागपूरचे होते, चालले.

तुम्ही ओटी भरताना मी मान खाली घातली होती, त्यामुळे मांडवात कोण उठले, कोण बसले, मला दिसले नाही. नंतर कळले की दोघी-तिघी निघून गेल्या. मनकर्णेचा दोर पाण्यात गेला तेव्हा मात्र मी पाहत होते. ती भरली घागर घेऊन माझ्याजवळ आली आणि म्हणाली की बाई, तुमची पोर गोड आहे वं. पुढचे मला काही आठवत नाही. तुमचे भाऊ सांगतात, मी वेड्यासारखी तिच्या गळ्यात पडून रडले.

त्यांनी अहवाल पाठवला: गाव पाणी पिते, कोणाला अडवत नाहीत, दुसरा हप्ता द्यावा. साहेबांनी सही केली. आता दिल्लीचे डोळे या विहिरीवर वर्षभर राहतील, मग त्यांना दुसऱ्या विहिरी आहेत. मला एकच आहे. म्हणून वन्सं, दर महिन्याला पत्र टाका. कठडा बांधला का, उन्हाळ्यात पाणी किती राहिले, सगळे कळवा. मनकर्णा कधी रिकाम्या घागरीने परत गेली, तर सरकारला मागाहून कळवा, आधी मला कळवा. मी येईन आणि सुरई घेऊन काठावर बसेन.

मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. पुढचे शब्द जन्मात पहिल्यांदा लिहिते आहे, अक्षर लावून घ्या: माझ्या लेकीला सांभाळा.

आपली,
पुष्पलता