खमिराला हाक

१२ जून

— खरवडलेल्या खमिराचा शेवटचा थरही टाकीत सोडला आणि स्वतःचं तोंड मिटून घेतलं. हाक मारायची राहिली. दाराच्या पलीकडे सिन्नवेच्या रेस्टॉरंटात माणसं मासे खात होती.

खमीर टाकताना ओरडायचं असतं. ते दचकून जागं होतं, बिअर कडक होते. घरी चुलघरात, पिंपावर वाकून ओरडताना लाज कोणाची? माझी एल्ड्री तर अशी ओरडायची की समोरच्या डोंगरावरची कुत्री भुंकायला लागायची.

सिन्नवेनं विचारलं, बाबा, थोडं मागे ठेवलंस ना? मी हो म्हणालो. ठेवलं नव्हतं. टाकी केवढी मोठी! लाकडी कड्यावर वाळवलेलं होतं नव्हतं ते सगळं आत गेलं.

सिन्नवे खूश आहे. बिअर विकायचा परवाना आला, रेस्टॉरंटच्या दारावर पाटी लागली. पुढच्या शनिवारी पहिला पेला.

१३ जून

टाकीला कान लावला. आत काहीच नाही.

१४ जून

मेलं.

घरच्या पिंपाखाली चूल नसते. उकळायचं एका भांड्यात, जवाच्या माल्टचा निवलेला काढा पिंपात. काठाशी कोपर बुडवून बघायचं, नुकत्याच काढलेल्या दुधासारखं लागलं की झालं. या टाकीला तळाशी स्वतःचीच चूल आहे, आणि ती मी विझवली नव्हती. वरचा काटा बरोबर दाखवत होता. खमीर तळाशी जाऊन शिजलं. कोपर घालायला टाकीचं तोंड अरुंद.

सिन्नवेला खरं सांगितलं. ती खुर्चीवर बसली. म्हणाली, दुकानात खमिराची पाकिटं मिळतात. मी म्हणालो, मग ती कोणाचीही बिअर होईल. ती म्हणाली, "आईची होणार होती, बाबा. मला ठाऊक आहे."

एल्ड्रीला जाऊन तीन वर्षं झाली. तिच्या हातचं जिवंत असं तेवढंच उरलं होतं.

१५ जून

दुपारी डोळा लागला. एल्ड्री चुलघरात ज्युनिपरच्या झुडपाच्या फांद्या पिंपाच्या तळाशी पसरत होती. एकेक, बाळाखाली दुपटं घालावं तशी. खिडकीतून तळं दिसत होतं आणि तळ्याचा रंग काढ्याचा होता. मी विचारलं, खमीर कुठे ठेवलंस? ती हसली, पुन्हा फांद्या पसरू लागली. बोटांना संत्र्याच्या सालीचा वास. तिच्या बिअरला यायचा तोच.

जाग आली तेव्हा ऊन तिथंच होतं. या दिवसांत इथं उत्तरेला उजेड हलतच नाही.

१६ जून

वरच्या शेजाऱ्याकडे, हाल्डोरकडे जावंच लागलं.

हिवाळ्यापासून तो बोलत नव्हता. त्याचं म्हणणं, बिअर नाताळला करायची, लग्नाला करायची, कोणी गेलं की करायची, आणि दारात येईल त्याला ओतायची. मी विकणार हे कळलं तेव्हा म्हणाला होता, उद्या चुलीची ऊबही विकशील, गुट्टोर्म.

चढण चढून गेलो. तो कुंपणाला खिळे मारत होता. "या, मालक!" म्हणाला.

मी म्हणालो, माझं मेलं.

हातोडी खाली ठेवली त्यानं. हसला नाही. खमीर मागितलं तर इथं कोणी नाही म्हणत नाही, आणि त्याचे पैसेही कोणी घेत नाही. तळघरातून बरणी घेऊन आला.

"ओरडला होतास?"

"माणसं जेवत होती."

"मग झोपेतच गेलं ते."

बरणी हातात देताना म्हणाला, या वेळी थोडं मागे ठेव, आणि बरणी भरून परत आण. विकण्याबद्दल अक्षर काढलं नाही.

उतरताना वाटत राहिलं — शनिवारी माझ्या नावानं हाल्डोरची बिअर ओतायची. तिला धुराचा वास येतो. मी जन्मभर हेच म्हणत आलो. एल्ड्री नुसती हसायची.

१७ जून

दिवसभर माल्ट भरडलं. उद्या.

१८ जून

काढा उकळून पिंपात काढला, टाकीची चूल विझवून ती निवू दिली. पिंपातच कोपर बुडवलं. दूध. मग काढा परत टाकीत.

हाल्डोरच्या बरणीतलं थोडं काढून ठेवलं. बाकीचं हातात घेतलं. दारापलीकडे काटेचमच्यांचे आवाज. सिन्नवे थाळ्या घेऊन दारातच थांबली. तिच्यामागे दार सताड उघडं.

बरणी टाकीत उपडी केली आणि ओरडलो.

काटेचमचे थांबले. कोणीतरी पेला खाली ठेवल्याचं ऐकू आलं. मग खिडकीजवळच्या टेबलावरून एका म्हातारीनं, मी तिला ओळखतही नाही, बसल्याजागी तशीच हाक दिली. लांब, अगदी शेवटाला वर चढणारी. थाळ्या हातात धरून सिन्नवेही ओरडली. अगदी आईसारखी.

१९ जून

सकाळी फेस टाकीवरून जमिनीवर आला होता. धुराचा वास नव्हता. संत्र्याच्या सालीचा होता. मला वाटलं, भास.

हाल्डोर आला. दारातच नाक वर करून उभा राहिला. म्हणाला, "माझं खमीर पाच वर्षांपूर्वीच मेलं. हे एल्ड्रीनं आणून दिलेलं. म्हणाली, गुट्टोर्मला सांगू नकोस, येत राहू दे त्याला धुराचा वास."

फेसात रिकामं लाकडी कडं बुडवलं आणि खुंटीला वाळत घातलं. मग त्याची बरणी भरून दिली.