भंगलेल्या कासवाचं विसर्जन होणार नाही

मी, शीला माधव चिंचाळकर, वय एकाहत्तर, अविवाहित, एस.टी.ची सेवानिवृत्त वाहतूक नियंत्रक, राहणार राळेगाव, जिल्हा यवतमाळ, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर आहे. खुबा मोडला होता, डोकं नव्हे. हा फरक काही नातेवाइकांच्या लक्षात येत नाही म्हणून आधीच नमूद करते. मला कोणी धाक दाखवलेला नाही. पूर्वी ज्या ड्रायव्हरांनी दाखवून पाहिला, त्यांना विचारावं. सगळं काही पुतण्या अनिमेष याच्या नावे केलेलं माझं आधीचं मृत्युपत्र मी याद्वारे रद्द करते.

१. वकील म्हणाले, घराचं आधी लिहा, कासवाचं शेवटी. मी कासवाचं आधी लिहिते. घर चार दिवस कोणी पाहिलं नाही तरी उभं राहील, कासवाचं तसं नाही. माझ्या परसातल्या टाक्यात राहणारं हे लाल कानाचं, परदेशी जातीचं कासव. हाक मारली की मान आत घेतं, म्हणून त्याचं नाव साहेब. ती मादी आहे असं जनावरांच्या डॉक्टर उर्वशी राठोड यांनी मागाहून सांगितलं, पण नाव तेच राहिलं. आमच्या खात्यातही साहेब बदलले म्हणून काही बदलत नसे.

२. साहेब माझ्याकडे कसे आले ते लिहून ठेवणं भाग आहे, कारण माझ्यामागे वेगळी गोष्ट सांगितली जाईल. अनिमेषने यवतमाळला घर बांधलं, वास्तुशांती केली आणि भरभराट व्हावी म्हणून उत्तरेच्या कोपऱ्यात काचेच्या भांड्यात हे कासव ठेवलं. ऊन नाही, बसायला कोरडी जागा नाही, खायला फक्त डबीतले दाणे. पाठ मऊ पडली. एक दिवस झाडपूस करताना भांडं जिन्यावरून खाली गेलं आणि साहेबांच्या पाठीला या टोकापासून त्या टोकापर्यंत चीर पडली. दवाखान्यात न्यायचं सोडून अनिमेषने गुरुजींना फोन लावला. भंगलेली मूर्ती घरात ठेवत नाहीत, तसंच हे, विसर्जन करून टाका, असं ठरलं. हळदकुंकू वाहिलं, फुलांसोबत थैलीत घातलं आणि निघाले राळेगाववरून वर्धा नदीच्या पुलाकडे.

वाटेत त्याची बायको प्राची हिने मला लपून फोन केला. "आत्याबाई, ते जिवंत हाय हो. माझ्या मांडीवर हलून राह्यलं. तुम्ही या."

मी ऑटो करून पुलावर पोचले तर हे महाशय कठड्याशी उभे. मी म्हटलं, "काहून रे, काय हाय थैलीत?"

"निर्माल्य आहे, आत्या."

"निर्माल्य पाय हलवते काय बे?"

"अगं, पण भंगलंय ते."

"मूर्ती भंगली तर रगत येत नाही, अनिमेष. इकडे आण ते."

थैली मी हिसकावून घेतली. लोक जमले, त्याला लाज वाटली. वाटायलाच पाहिजे होती.

३. चीर असलेलं कासव पाण्यात सोडलं की जखमेत पाणी शिरून ते सडून मरतं. उर्वशीने जखम धुतली, औषध लावलं, पाठ सांधली, इंजेक्शनं दिली. जखम भरेपर्यंत साहेब माझ्या स्वयंपाकघरात घमेल्यात, कोरड्या फडक्यावर, माशी बसू नये म्हणून जाळीखाली राहिले. रोज थोडा वेळ उथळ स्वच्छ पाण्यात, मग पुसून परत कोरड्यात. आता पाठीवर वण आहे, पण साहेब ठणठणीत आहेत. पुढे जो कोणी पाहील त्याच्यासाठी माझी सक्त ताकीद अशी:

टाक्यात पोहता येईल इतकं पाणी, आणि बाहेर यायला उतार पाहिजेच. उताराच्या वर फरशी आहे, तिथं सकाळचं ऊन येतं. ते अडेल असं काही बांधायचं नाही. काचेतून आलेलं ऊन चालत नाही. उन्हाळ्यात आपल्याकडे टाक्याचं पाणी चहासारखं तापतं, तेव्हा हिरवी जाळी बांधायची. थंडीत रात्री घरात घ्यायचं. मुंगूस आणि कुत्रं यांच्यापासून जपायला वरची जाळी कायम लावलेली. पाण्याला वास आला की पाणी बदलायचं, शेजाऱ्यांनी सांगेपर्यंत थांबायचं नाही. दूध पाजायचं नाही, नाणी टाकायची नाहीत, पाठीवर कुंकू लावायचं नाही. आणि कोणी पुण्य म्हणून नदीत किंवा विहिरीत सोडा म्हणालं, तर त्याला आधी सोडा. ही परदेशी जात नदीत गेली तर तिथल्या आपल्या कासवांच्या तोंडचा घास जातो. आणि विहिरीला उतार नसतो.

४. गेल्या वर्षी मी न्हाणीघरात पडले. अनिमेष धावत आला, हे मी नाकारत नाही. पण दवाखान्यातून घरी आल्यावर वृद्धाश्रमाचं रंगीत पत्रक घेऊन बसला. "आत्या, तिथं सगळी सोय आहे. इथं समोर दुकानाचे गाळे काढू." मी विचारलं, "थैली आणली काय रे, हारफुलांची?" त्याला कळलं नाही. प्राचीला कळलं, ती उठून आत गेली.

५. प्राची राळेगावच्या शाळेत शिकवते. रोज यवतमाळहून बसने येते. मी अंथरुणात होते तेव्हा शाळा सुटल्यावर माझं अंग पुसून, साहेबांचं पाणी बदलून मग ती घरी जायची. तिचं दोनदा पोट पडलं. तेव्हापासून तिची सासू, म्हणजे माझी वहिनी, तिच्या देखत म्हणते, "दोष हिच्यात हाय, दुसरी पाहू." अनिमेष ऐकतो आणि मोबाइल पाहतो. वहिनी, हे वाचलं जाईल तेव्हा तुम्ही समोर बसलेल्या असाल. मग ऐका. ज्याला तडा गेला ते नदीत फेकायचं, हा तुमच्या घराचा धर्म असेल. माझ्या घराचा नाही.

६. माझं पितळी घंघाळ शेजारच्या विमलताईंना द्यावं. अविवाहित म्हणून मला त्यांनी कधी हळदीकुंकवाला बोलावलं नाही, पण खुबा मोडला तेव्हा वरणभात त्यांच्याच घरून आला. हिशेब मिटला. पोस्टातल्या ठेवीचं व्याज साहेबांच्या खाण्यावर आणि औषधावर खर्च व्हावं. प्राचीला जमेनासं झालं तर साहेब डॉ. उर्वशी यांच्याकडे जावेत. त्यांनी होकार दिला आहे.

७. राळेगावचं घर मी माझ्या पगारातून बांधलं, त्यात कोणाचा वडिलोपार्जित वाटा नाही. हे घर, परस आणि टाक्यासह, मी प्राची अनिमेष चिंचाळकर हिला एकटीला, पूर्ण मालकीने देते. वकील म्हणाले, कासव सांभाळण्याची अट घाला. मी घातली नाही. तिने फोन केला तेव्हा तिला कोणी अट घातली होती? अनिमेषला इथं राहता येईल, पण प्राचीच्या मर्जीने, आणि तिने जा म्हटलं की त्याने मुकाट्याने जायचं.

प्राची, उद्या त्यांनी तुझी बॅग भरून दाराबाहेर ठेवली तर रडत बसू नको. ती उचल आणि राळेगावची बस धर. इथल्या दाराची किल्ली तुझ्या हातात आहे, आणि या घरातून तुला बाहेर काढू शकेल असा एकही माणूस मी शिल्लक ठेवलेला नाही.

लिहिलेलं मी पुन्हा वाचलं. एक शब्दही मऊ करायचा नाही असं ठरवून, खालील दोघांच्या समोर सही करते.

शीला माधव चिंचाळकर (सही)

साक्षीदार, ज्यांनी मला सही करताना पाहिलं आणि मी त्यांना सही करताना पाहिलं:
१. देवसिंग रामजी पवार, सेवानिवृत्त एस.टी. चालक, राळेगाव (सही)
२. श्रीकृष्ण बळीराम ढोले, सेवानिवृत्त मुख्याध्यापक, राळेगाव (सही)

स्थळ: राळेगाव, जि. यवतमाळ
दिनांक: १८ नोव्हेंबर २०२५