डॉक्टरांच्या कपाटातली पूड

१० जानेवारी
आलं : बंद पडलेल्या दवाखान्यातलं सामान, पलंग एक, औषधांचं कपाट एक, टेबल एक. तिन्ही काळीभोर, म्हणजे शिसवीच. खर्च : साडेचार हजार, हातगाडी दीडशे, हातगाडीवाल्याचा चहा. पैसे छपराच्या दुरुस्तीचे. हे परगावी नोकरीला. सुट्टीला येतील तोवर दुप्पट करून जागच्या जागी ठेवीन. कोपऱ्यावरचे सुतारभाऊ टेबलावर बोट वाजवून म्हणाले, "लाकडात जीव आहे, वहिनी." झालं. मॅट्रिकला गणितात बासष्ट मार्क उगाच नव्हते.

१२ जानेवारी
सगळं मोडून फळ्या केल्या. गोदामाचं भाडं कोण देतंय? सासूबाईंच्या पलंगाखाली रचल्या. त्या वरून वाकून बघत होत्या. म्हणाल्या, "माझ्याखाली सरण रचतेस का गं?" मी देवाचं नाव घेतलं आणि उरलेल्या फळ्या आत सरकवल्या.

३ मार्च
सुतारभाऊ तीन हजार म्हणाले. शिसवी ओळखून मुद्दाम पाडून मागतात! दिलं नाही. लाकूड मुरेल तसा भाव चढतो.

१९ एप्रिल, दुपार
सासूबाईंच्या खोलीत करकर. त्या गाढ झोपलेल्या. रामराम म्हटलं, आवाज थांबला. मी थांबले, तो सुरू. दार ओढून बाहेर आले.

२० एप्रिल
फळ्यांखाली पूड. मैद्यासारखी, पुडीत बांधावी इतकी बारीक. आता कळलं. त्या दवाखान्याचे डॉक्टर औषधं स्वतः खलात कुटून द्यायचे. गेल्या वर्षी वारले, म्हणून तर दवाखाना बंद. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. फक्त त्या खोलीत एकटी जात नाही.

२६ एप्रिल
सासूबाईंना सांगावंच लागलं. त्या काही घाबरल्या नाहीत. मेल्यावर तरी फी मागत नाही ना, मग घे की, म्हणाल्या. मधातून चाटली. गुडघा हलका वाटतो म्हणे. रोज आणून दे म्हणतात. मी डोळे मिटून केरसुणीने गोळा करते.

८ जुलै
छप्पर गळतंय. बादल्या, पातेली, परात सगळं मांडलं. फळ्यांवर थोडं पाणी पडलं. असू दे, लाकडाला ओल मानवते. उद्या विकायच्या, हा संकल्प.

९ जुलै
आज दिवस बरा नाही. पुढच्या आठवड्यात.

१७ सप्टेंबर
करकर आता वरून येते. डॉक्टर फळ्या सोडून सासूबाईंच्या पलंगात शिरले. जप दुप्पट केला. पूडही दुप्पट झाली.

४ नोव्हेंबर
ह्यांचं पत्र. शनिवारी येतात, छपराला गवंडी बघून ठेव म्हणतात. धावत सुतारभाऊंकडे गेले, तीन हजार तर तीन हजार. त्यांनी येऊन फळीत खिळा टोचला. डोक्यापर्यंत आत गेला.
"भुंगा आहे, वहिनी."
मी म्हटलं, जीव आहे असं तुम्हीच म्हणाला होतात.
"तेव्हा लाकडात होता. आता खाणाऱ्यात आहे."
शिसवी नव्हेच, आंब्याच्या लाकडाला काळं पॉलिश. भाव? न्यायला तेच दोनशे मागतात. आजच्या आज जाळा, पलंगही जाळा, म्हणाले. पूड म्हणजे भुंग्याने चावून टाकलेला भुसा. सासूबाईंना हे सांगितलेलं नाही. त्यांचा गुडघा खरोखर बरा आहे.

५ नोव्हेंबर
पलंगाचा पाय गेला. सासूबाई गादीसकट खाली, फळ्यांच्या ढिगावर. लागलं नाही. तिथेच बसून विचारतात, "वरून छप्पर गेलं, खालून पलंग गेला. माझ्या लेकाला झोपवणार कुठे?" मग पूड मागितली.
आता दाराच्या चौकटीत करकर ऐकू येते.
देवा, तुझ्याशिवाय हे कोणाला लिहू? ह्यांना आधी काय सांगू : पैशांचं, पलंगाचं, की आईने सहा महिने काय खाल्लं ते? शनिवारच्या आत उलट टपाली कळवावे.